मळीची चारची पाळी

माणूस वेळ चुकेल, कारखान्याचा भोंगासुद्धा एखाद्या दिवशी मागंपुढं होईल, पण रात्रीच्या बाबतीत मळी कधी चुकली नाही. मळी म्हणजे माळेगावातल्या गेणूच्या घरची मांजर. गेणू साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला. साखर काढून झाली की मागं जो काळा चिकट पाक उरतो त्याला मळी म्हणतात, आणि ही तशीच काळीभोर, म्हणून गेणूच्या आईनं, द्वारकाबाईनं, तिचं नाव मळी ठेवून टाकलं. बारसं नाही की घुगऱ्या नाहीत, पण नाव पक्कं बसलं.

जेवणं उरकली, गेणूची बायको सारजा हिनं चूल सारवून निखारे झाकले, की मळी चुलीला लागून असलेल्या वैलावर चढायची. तिथं ऊब घेत ती आधी पुढचे पाय चाटायची, मग तोंड धुवायची, मग कानामागं पंजा फिरवायची, आणि हे सगळं एवढ्या सावकाश की बघणाऱ्याला जांभई यावी. त्यानंतर घराची फेरी. कणगीमागं डोकावायचं, अंथरुणांच्या ढिगाचा वास घ्यायचा, दाराच्या फटीशी नाक लावायचं. शेवटी सारजाच्या वाकळेवर येऊन ती पुढच्या पायांनी पीठ मळल्यासारखी वाकळ मळत बसायची आणि मनासारखी मऊ झाली की सारजाच्या गुडघ्यांमागच्या खळगीत वेटोळं करायची. मध्यरात्री झरोक्यातून बाहेर. पाचटाच्या ढिगात उंदरांचा समाचार घेऊन परत. आणि पहाटे, चारला सुटून गेणू रात्रपाळीहून यायच्या वक्ताला, सारजाच्या छातीवर बसून पंजानं गालावर टपटप. नखं आत घेऊन, बरं का. एवढी रीतभात पुष्कळ माणसांतही नसते.

सारजा उठायची, दाराचा आडणा काढायची, आणि बाहेर गेणू नुकताच सायकल भिंतीला लावत असायचा.

"माझ्या सारजाला माजी पावलं झोपंतबी कळत्यात," गेणू कारखान्याच्या कँटीनमध्ये सांगायचा. त्याच्यासोबतची माणसं म्हणायची, "नशीबवान हायस गड्या. आमच्या घरी दार मोडंपत्तुर ठोकावं लागतं." हे बोलणं फिरत फिरत सारजापर्यंत यायचं आणि तिचा जीव तीळ तीळ तुटायचा. कारण खरी गोष्ट तिला एकटीला ठाऊक होती, म्हणजे तिला तसं वाटत होतं. सारजाला पावलं कळत नव्हती. दार ठोकलेलं कळत नव्हतं. भोंगा कळत नव्हता. सारजाला ऐकू येत नव्हतं.

लग्न होऊन ती कऱ्हाटीहून आली तेव्हा तिचे कान चांगले होते. दुसऱ्या वर्षी मोठा ताप आला. ताप उतरला आणि जाताना कान घेऊन गेला. एकदम नाही, आधी चिमण्या गेल्या, मग भांडी, मग माणसं. समोरच्याच्या ओठांकडं बघून ती बोलणं ओळखायला शिकली. दिवसाउजेडी कुणाला पत्ता लागायचा नाही. अंधार पडला की मात्र ती विहिरीत उतरल्यासारखी एकटी व्हायची.

सांगायची सोय नव्हती. जळोचीच्या भावकीत एका सुनेच्या डोळ्यात फूल पडलं, तर तिला दिवाळसणाला म्हणून माहेरी धाडलं ते परत आणलंच नाही. सारजाची तर अजून कूसही उजवली नव्हती. एक खोट लोक पोटात घालतात, दुसरी निघाली की बोटं मोजतात. म्हणून तिनं तोंड शिवून घेतलं होतं. सहा वर्षं.

त्यातली पहिली वर्षं तिला तारलं द्वारकाबाईनं. सासू सुनेशी बोलायची ती समोर उभं राहून, तोंड मोठं उघडून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी. शेजारची सिंधुबाई म्हणायची, "म्हातारीचं कान गेलं वाटतं. जे बहिरं असतं तेच वरडतं." आणि द्वारकाबाई खुशाल म्हणायची, "व्हय बाई, गेलं." सगळी आळी तिला बहिरी समजून तिच्याशी ओरडून बोलायची, ती हसून मान डोलवायची. रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटे उठून दार उघडायचं काम तिचंच. उठली की आधी मळीला बशीत दूध, मग दार. सारजाला वाटायचं, म्हातारपणी मांजराचा लळा लागतो, तो हा.

पुढं नणंदेचं बाळंतपण निघालं आणि द्वारकाबाई इंदापूरला लेकीकडं गेली ती तिथंच नातवंडांत गुंतली. निघाली त्या रात्री सारजाला घास गेला नाही. आता दार कोण उघडणार? आणि पहिल्याच पहाटे मळी येऊन छातीवर बसली. सारजानं तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं. तेव्हापासून देवापुढं हात जोडले की ती आधी देवाचं नाव घ्यायची आणि मग मांजरीचं. देव काही रागावला नाही.

असा चार वर्षांचा संसार मांजरीच्या पंजावर चालला. आणि चौऱ्याण्णव सालच्या संक्रांतीनंतर, ऐन गळिताच्या हंगामात, मळी माळ्यावर व्याली. तीन पिल्लं. दोन काळी, एक करडं.

सारजानं गेणूची जुनी खाकी पँट घडी करून पिल्लांखाली घातली. पहिले दहा दिवस ठीक गेले. मळी माळ्यावरून उतरून आपली पहाटेची कामगिरी बजावून परत जायची. अकराव्या दिवशी सकाळी सारजा बघते तर माळा रिकामा.

मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं, हे कुणाला ठाऊक नाही? रात्रीत एकेक पिल्लू मानेला धरायचं आणि घर बदलायचं. सात घरं झाल्याशिवाय त्या जातीला चैन पडत नाही. सारजालाही ठाऊक होतं. पण गेणूची रात्रपाळी सोमवारी लागणार होती, परक्या घरात पिल्लं सोडून मळी पहाटे उठवायला यायची नाही, आणि रीत पाळत बसायला सारजाला सवड नव्हती. ती सिंधुबाईच्या गवताच्या गंजीत शिरली, पाटीत तिन्ही पिल्लं घातली आणि घरी आणली. मळी मागोमाग आली. रात्री पुन्हा गेली. सारजानं पुन्हा आणली. तिसऱ्यांदा ती पाटी घेऊन निघाली तेव्हा सिंधुबाईनं हात धरला.

"सारजे, असं करू नगं. मोजणी मोडली की मांजर पुन्यांदा पयल्या घरापास्नं सुरू करतं. तू आन की आन, त्ये सात पुरं केल्याबिगर ऱ्हात न्हाय."

सारजानं हिशेब केला. आपणच दोनदा मोजणी मोडली, नाहीतर आतापर्यंत तीन घरं झाली असती. तिनं पाटी पालथी घातली आणि घरी येऊन रडली. मांजरीवर रागावून उपयोग नव्हता. मांजर आईसारखी वागत होती. सारजाच चोरासारखी वागत होती.

सोमवारी गेणू रात्री आठला कामावर गेला. जाताना दारात वळून म्हणाला, "आडणा लाव. ऊसतोडीची मानसं, गाड्या, रातभर वर्दळ हाय." ते तिनं ओठांवरून ओळखलं आणि आडणा लावला. मग जागत बसली. पहिली रात्र तिनं मिरची डोळ्याशी धरून काढली. पहाटे दाराला पाठ लावून बसली आणि लाकूड हादरलं तशी उठून उघडलं. दुसरी रात्रही तशीच. दिवसा धुणं, पाणी, दुसऱ्याच्या रानात खुरपणी. तिसऱ्या रात्री तिनं दाराला पाठ लावली, आणि कधी कलंडून जमिनीवर आली ते तिचं तिला कळलं नाही.

जाग आली ती तोंडावर माती पडली म्हणून.

डोळे उघडले तर वर कौलं सरकलेली, भोकातून आभाळ, आणि आभाळातून लोंबकळणारे दोन पाय. सारजानं कोपऱ्यातलं मुसळ उचललं. तिच्या मनात चोर, ऊसतोडीचा टोळीवाला, भूत, सगळं एका क्षणात येऊन गेलं. मुसळ नडगीवर बसणार एवढ्यात पँटीचा वास आला. मळीचा, म्हणजे कारखान्याच्या मळीचा. तिनं हात आवरला. गेणू माळ्यावर टेकला, तिथून खाली उडी मारली आणि थंडीनं वाकडा झालेला, अंगभर धुरळा घेऊन तिच्यापुढं उभा राहिला.

वीज गेलेली होती. चुलीपाशी कंदील बारीक करून ठेवला होता, त्याच्या उजेडात त्याचं तोंड धड दिसत नव्हतं. त्यानं आडणा काढून दार उघडलं. बाहेर सिंधुबाई शाल गुंडाळून, हातात बॅटरी घेऊन, आणि तिच्या मागं आणखी दोघंतिघं. म्हणजे आळीनं दार वाजलेलं ऐकलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं, घरातली सोडून.

सहा वर्षं जपलेलं आज दारात उघडं पडलं. उद्या कऱ्हाटीला निरोप जाईल, भाऊ बैलगाडी घेऊन येईल, आणि आई दारात उभी राहून काही विचारणार नाही, हे तिला दिसलं.

गेणू सिंधुबाईला काहीतरी म्हणाला. पाठमोरा होता. सिंधुबाईनं बॅटरी स्वतःकडं धरली तेव्हा तिचे ओठ दिसले.

"तापाची गोळी घितलीय व्हय? मंग बरुबर हाय. त्या गोळीनं मानूस मेल्यावानी झोपतं. आमी म्हटलं काय झालं अन् काय न्हाय."

सारजाला ताप नव्हता. तिनं गोळी घेतली नव्हती. ही गोळी गेणूनं आत्ता, दारात उभ्या उभ्या तयार केली होती. ती का, हे तिला कळेना.

त्यानं दार लोटलं. आता मात्र तिला धीर धरवेना.

"अवो, मला ऐकू येत न्हाय," ती म्हणाली. "लई वर्सं झाली. दार मळी उघडत व्हती, मी न्हाय. मला धाडायचं आसल तर धाडा, पर—"

त्यानं चटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. तिचा आवाज किती मोठा होता ते तिला कळायचा मार्ग नव्हता; पण दाराच्या फटीतून बॅटरीचा उजेड अजून आत येत होता, म्हणजे सिंधुबाई अजून गेली नव्हती. उजेड हलला, लांब गेला, विझला. तरी गेणूनं आणखी थोडा वेळ हात तसाच ठेवला. हात बर्फासारखा गार होता. त्या हातानं पाऊण तास दार ठोकलं होतं, आणि त्यानं तिला एक शिवीसुद्धा दिली नव्हती.

मग तो चुलीपाशी गेला. कंदील उचलला, वात वर केली, आणि स्वतःच्या हनुवटीपाशी धरून तिच्यापुढं मांडी घालून बसला. धुरळ्यानं भुवया पांढऱ्या झालेल्या, नाक लाल, पण ओठ स्पष्ट दिसत होते. त्यासाठीच तर कंदील तिथं धरला होता. त्याला हे कुणी शिकवलं, असं तिच्या मनात येतंय तोवर त्याचे ओठ हलू लागले. सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"ठावं हाय. आई जातानाच म्हनली. ध्यान ठिव तिच्याकडं, म्हनली. तिनंच मळीला शिकवलं. सायकलची घंटी वाजली की दूध. मी रोज आळीच्या तोंडच्या चिंचंपास्नं घंटी वाजवीत येतोय. चार वर्सं. मांजरासाठी."

सारजा बघत राहिली. द्वारकाबाई पहाटे दूध का पाजत होती, आळीनं बहिरी म्हटल्यावर का हसत होती, ते सगळं एकदम तिच्या ध्यानात आलं आणि इंदापूरच्या दिशेला तिनं तिथूनच हात जोडले.

"मंग बोलला का न्हाय?" तिनं आता कुजबुजत विचारलं.

"तू लपवीत व्हतीस. मी म्हटलं, तुला सांगायचं आसल तवा सांगशील."

"आन् मळी आता न्हाय. सात घरं व्हायला अजून लई दीस लागत्याल."

"लागूं देत. तवर रोज कौलं काढीन."

हसावं की रडावं हे तिला ठरवता येईना, म्हणून तिनं दोन्ही केलं. रडता रडता तिनं त्याच्या गळ्यावर हात ठेवला. नुसता, माणूस खरा आहे ना हे बघावं तसा. तो बोलतच होता. सकाळी आईला पत्र टाकू, चहा ठेव, पाय गारठलेत, असं काहीबाही. आणि तिच्या तळव्याखाली गळा हलत नव्हता. जराही नाही. तो एवढा वेळ आवाजच काढत नव्हता. भिंतीपलीकडं सिंधुबाई होती, दोन्ही अंगांना आळी होती, आणि कुणाच्या कानावर त्यातला एक शब्द गेला नव्हता. ते सगळं बोलणं जगात फक्त सारजाला ऐकू आलं होतं.