एकशे एकाहत्तर

“एकशे एकाहत्तर,” लाँड्रीतले दादा दारातूनच म्हणाले आणि बोर्डबाईंच्या कानावर हेडफोन आहे हे पाहून जागच्या जागी थांबले.

बाईंनी हातानेच बसायची खूण केली. एक्स-रेवाल्यांना हाडांच्या वॉर्डात कुणाशी तरी बोलायचं होतं, ते जोडून दिलं. एका नातेवाइकाला भेटीची वेळ सांगितली. मग एका कानावरचा हेडफोन सरकवून त्यांनी ड्रॉवरमधली जाड वही काढली. दादा बसले नव्हते. वाफेने आणि साबणाने पांढरे पडलेले हात त्यांनी पाठीमागे धरले होते, जणू परीक्षेला तेच बसले होते.

हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर बाईंची चोवीस वर्षं गेली होती. सव्वातीनशे एक्स्टेन्शन तोंडपाठ. बोर्डावर बसतात म्हणून बोर्डबाई. पण गेल्या अकरा वर्षांत त्या नावाला आणखी एक अर्थ चिकटला होता. थोरल्या मुलाने शिष्यवृत्तीची परीक्षा दिली तेव्हा मार्क कळल्यापासून निवडीची यादी लागेपर्यंतचे दिवस सरता सरेनात, म्हणून त्यांनी ओळखीपाळखीच्या आईबापांना फोन करून मुलांचे मार्क विचारले, एका वहीत उतरवले आणि कटऑफ किती लागेल याचा आपल्यापुरता अंदाज बांधला. तो बरोबर निघाला. पुढच्या वर्षी शेजारणीने विचारलं, त्याच्या पुढच्या वर्षी शेजारणीच्या नणंदेने. आता सातही केंद्रांवरून आकडे यायचे. अंदाज एका मार्काहून जास्त कधी चुकला नव्हता. “परीक्षेचं बोर्ड यादी लावतं, आमच्या बोर्डबाई आधीच वाचून दाखवतात,” असं मेट्रन म्हणायच्या.

परीक्षा दोनशे मार्कांची आणि जागा साठ. निवड झाली की मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या संस्थेत पाच वर्षांचं शिक्षण, राहण्याजेवणासकट. नाही झाली तर इथलं तंत्रनिकेतन होतं. पण मेख तिथेच होती. तंत्रनिकेतनात मिळालेल्या जागेवर शुक्रवारी पाचच्या आत सही करायची. सही केली की शिष्यवृत्तीच्या यादीतून नाव कमी. नाही केली तर जागा पुढच्याला. आणि यादी लागणार सोमवारी. दोन्ही डगरींवर पाय ठेवायची सोयच नव्हती. हा नियम कुणी केला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण दरवर्षी त्या तीन दिवसांत घराघरांतून लोकांच्या तोंडचं पाणी पळायचं आणि एक्स्चेंजचा फोन खणखणायचा.

बाईंनी वहीतल्या ओळींवरून बोट फिरवलं. सहा केंद्रांचे आकडे आले होते. सातवं केंद्र लांबचं. तिथल्या शाळेतले कारकून यंदा आजारी होते, म्हणून तिथे बाईंनी गेल्या वर्षीचेच आकडे धरले होते.

“एकशे एकोणसत्तर लागेल,” त्या म्हणाल्या. “तुमची पोरगी दोन मार्क वर आहे.”

दादांचा चेहरा खुलला नाही. ते म्हणाले, पोरगी हुशार आहे, पण आपल्याला यातलं काही कळत नाही. तिची आई असती तर तिने काहीतरी ठरवलं असतं. तंत्रनिकेतनही काही वाईट नाही, घरून चालत जाता येईल. मग त्यांनी एकदम विचारलं, “ताई, तुमची मुलगी असती तर?”

“सही करू दिली नसती,” बाई म्हणाल्या.

दादांनी मान हलवली आणि जिन्याने खाली गेले. सातव्या केंद्राचं त्यांना सांगायला हवं होतं, असं बाईंना त्या वेळी वाटलंही नाही. डॉक्टर रोग्याला प्रत्येक तपासणीचा कागद वाचून दाखवतो थोडाच.

बाईंच्या स्वतःच्या मुलीला एकशे अडुसष्ट होते.

घरी त्या संध्याकाळी ताट आपटण्याचा आवाज झाला. मुलीचं म्हणणं, अंदाज म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. एका मार्कासाठी आई आपल्याला याच गावात डांबून ठेवते आहे. दुसऱ्यांच्या मुलांना उडी मारायला सांगते आणि स्वतःच्या मुलीचा हात धरून ठेवते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. वहीत लिहिलेलं स्वतःच्या पोटच्या पोरीसाठी बदलायचं, तर अकरा वर्षं आपण लोकांना काय सांगत आलो? गुरुवारी सकाळी त्या मुलीबरोबर तंत्रनिकेतनात गेल्या. मुलीने सही केली, पेन टेबलावर टाकलं आणि परत येताना रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालली.

शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी बाहेरची लाइन वाजली. सातव्या केंद्राचे कारकून होते. आवाज अजून बसलेला होता. उशीर झाला, माफ करा, म्हणाले, आणि आकडे सांगू लागले. बाई लिहीत गेल्या. त्या केंद्रात यंदा कुणीतरी नवा शिक्षक आला होता म्हणे, त्याने मुलांकडून कसून तयारी करून घेतली होती. एकशे चौऱ्याहत्तर. एकशे ब्याऐंशी. एकशे त्र्याहत्तर. गेल्या वर्षी जिथे कटऑफच्या वर तीन मुलं होती तिथे यंदा सतरा.

त्यांनी दोनदा मोजून पाहिलं. एकशे एकाहत्तर किंवा एकशे बहात्तर.

त्यांनी लगेच लाँड्रीची बटणं दाबली. घंटा वाजत राहिली. बारा घंटा त्यांनी मोजल्या. लाँड्रीत मशीन चालू असलं की शेजारचा माणूस बोललेला ऐकू येत नाही, हे त्यांना माहीत होतं. दादांच्या घरी फोन नव्हता. इतक्यात बोर्डावर ऑपरेशन थिएटरचा दिवा लागला, त्यांना रक्तपेढी हवी होती, तातडीने. ती जोडली. रक्तपेढीने आणखी दोन ठिकाणी जोडायला लावलं. बोर्ड शांत झाला तेव्हा चार वाजून बावीस मिनिटं झाली होती.

त्यांचा हात पुन्हा बटणांकडे गेला आणि थांबला.

एकशे एकाहत्तरही लागू शकेल, असं त्यांच्या मनात आलं. मग पोरगी आत. आणि आता फोन करून काय सांगायचं? की माझं चुकलं? कदाचित चुकलं, कदाचित नाही? माणूस उगाच धावत सुटेल, पोरगी घाबरून सही करेल, आणि सोमवारी एकाहत्तर लागलं तर तिचं मोठ्या शहरातलं शिक्षण माझ्या एका फोनपायी जाईल. हे सगळं खरं होतं. पण त्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती आणि तिच्याकडे बाईंनी पाहिलं नाही.

साडेचारला रिसेप्शनवरची मुलगी नेहमीप्रमाणे त्यांच्या जागी बसायला आली. बाई कँटीनमध्ये गेल्या. कँटीनच्या बरोबर खाली लाँड्री. पायाखालची फरशी मशीनच्या घरघरीने थरथरत होती. त्यांनी चहा घेतला, साय बाजूला केली आणि सावकाश प्यायल्या. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं. पावणेपाचला त्या उठल्या, जिन्यापाशी आल्या आणि वरच्या पायऱ्या चढू लागल्या.

पाच वाजून पाच मिनिटं झाली. आता ठरवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शनिवार-रविवार त्यांनी घरातली सगळी कपाटं आवरली. मुलीशी बोलणं नव्हतंच, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. एकदा रविवारी दुपारी चपला घालून त्या दाराबाहेर पडल्या, दादांच्या घराच्या वळणापर्यंत गेल्या आणि भाजी न घेताच भाजी आणायला गेल्यासारख्या परतल्या.

सोमवारी अकरा वाजता शिक्षण खात्याच्या कचेरीबाहेर यादी लागली. बाईंची मुलगी मैत्रिणींबरोबर बघायला गेली होती. तिने तिथल्याच दुकानातून एक्स्चेंजला फोन केला. चार दिवसांनी ती आईशी पहिल्यांदा बोलत होती, आणि आवाज मऊ होता.

“आई, यादी एकशे बहात्तरला थांबली. मी सही केली नसती तर दोन्हीकडून गेले असते. तुझंच खरं निघालं.”

बाईंनी बरं म्हटलं. घरी जाऊन जेवून घे म्हटलं. मग लाइन बंद केली. दोन दिवे लागले, ते त्यांनी जोडले. तिसरा लागला तेव्हा त्यांनी रिसेप्शनवरच्या मुलीला बोलावलं आणि सांगितलं, थोडा वेळ बस, मला खाली जायचंय. एवढ्या वर्षांत चहा आणि जेवण सोडून त्या बोर्डावरून उठल्या नव्हत्या. मुलगी काही न विचारता बसली.

लाँड्रीत मशीन बंद होतं. धुतलेल्या चादरींचा ढीग मोठ्या टेबलावर पडला होता. दादा आणि त्यांची मुलगी समोरासमोर उभे राहून चादरीची घडी घालत होते. ती कचेरीतून सरळ इथेच आलेली दिसत होती. डोळे कोरडे होते.

“कळलं आम्हाला, ताई,” दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच बाईंना जड गेलं. ते म्हणाले, अंदाज तो अंदाजच, तुम्ही काय देव आहात का, एवढी वर्षं लोकांचं भलंच केलंत. पोरीच्या नशिबात नव्हतं.

“दादा, मला शुक्रवारीच कळलं होतं,” बाई म्हणाल्या.

चादर दोघांच्या हातांमध्ये तशीच राहिली.

मुलीने विचारलं, “किती वाजता?”

“चार वाजून दहा मिनिटांनी.”

“सही पाचपर्यंत होती, मावशी. मी घरीच होते. घरापासून तंत्रनिकेतन दहा मिनिटांवर आहे.”

“हो.”

दादांनी मुलीकडे पाहिलं, मग बाईंकडे. मशीन चालू असलं की इथे घंटा ऐकू येत नाही, असं ते म्हणाले. तुम्ही फोन केला असेल आणि मला ऐकू आला नसेल. ते बाईंसाठी सुटकेचं दार उघडून धरत होते. बाहेर पडायला फक्त एक ‘हो’ पुरेसा होता.

“केला होता,” बाई म्हणाल्या. “एकदाच. दुसऱ्यांदा केला नाही. नंतर मी वर कँटीनमध्ये चहा पीत बसले होते. अर्ध्या तासाहून जास्त वेळ हातात होता. जिना उतरून येता आलं असतं.”

“मग का नाही आलात?” मुलीने विचारलं. तिने आवाज चढवला नाही. गणितातली न कळलेली पायरी विचारावी तसं विचारलं.

बाईंनी येताना जिन्यावर याचं उत्तर तीन-चार प्रकारे जुळवलं होतं. त्यातलं एकही त्यांनी वापरलं नाही.

“मला चुकले म्हणायचं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

मुलीने मान खाली घातली. ती म्हणाली की पुढच्या वर्षी परत बसता येईल, वयात बसतं. तोवर इथेच बाबांना मदत करीन. हे ती बाईंना सांगत नव्हती. मग तिने आपल्या हातातले चादरीचे दोन कोपरे सोडले, ओढणीला हात पुसले आणि बाईंच्या बाजूने, त्यांना धक्का न लागू देता, बाहेर निघून गेली.

चादरीचं तिच्याकडचं टोक फरशीवर लोळत होतं. दादा आपले दोन कोपरे धरून उभेच होते. दार हलायचं थांबलं तरी ते त्याच्याकडे बघत होते.

बाई वाकल्या. त्यांनी ते टोक उचललं, लागलेली धूळ झटकली आणि दोन्ही कोपरे चिमटीत धरून उभ्या राहिल्या. वर जा, असं दादा म्हणतील म्हणून त्या थांबल्या. दादांनी चादर ताणली. बाईंनीही ताणली. कोपऱ्याला कोपरा जुळवत दोघं एकमेकांच्या जवळ आले, हातातून हातात कापड गेलं, पण बाईंना या कामाची सवय नव्हती आणि घडी तिरकी आली.

दादांनी ती टेबलावर ठेवून पाहिली. मग उलगडली, झटकली आणि दोन कोपरे पुन्हा त्यांच्या हातात दिले.