दर्शनी पडदा

“राजवाडा कोनाले देला?” मालक बबनरावांनी विचारलं.

“पेटीवाल्या नानाजीले. जंगल रऊफच्या अंगावर हाये,” पुंजाजी म्हणाला. “खोकलून खोकलून सारे झाडं हालवून राह्यला तो.”

“शेर तो अभी निकला नहीं, चाचा,” गॅसबत्तीवाला रऊफ कोपऱ्यातून बोलला. दोघंतिघं हसले, आणि त्या हसण्याचा लगेच खोकला झाला.

शिरपूरच्या धर्मशाळेत नाटक मंडळी उतरून अकरा दिवस झाले होते. पहिलाच खेळ लागायचा, तोच गावात मानमोडीचा ताप शिरला आणि जमावबंदीची दवंडी फिरली. खेळ बंद, बाजार बंद. देवळातलं कीर्तनही थांबलं. पुढचं गाव मंडळीच्या गाड्या वेशीत घेईना. मग एकेक नट आडवा होत गेला. पांघरुणं पुरेनात, तेव्हा पुंजाजीनं आपल्या हातानं राजवाड्याचे, जंगलाचे रंगवलेले पडदे सोडून त्यांना पांघरायला दिले.

पुंजाजी पडदेवाला. बावीस वर्षं त्यानं ते गुंडाळले, सोडले, फाटले तिथं शिवले, उडालेला रंग सरसात कालवून पुन्हा भरला. थेंबभर पाणी लागलं तरी हे रंग ओघळतात, म्हणून वाटेत पाऊस आला तर आपण भिजायचा, पडदे कोरडे राखायचा. आता तापकऱ्यांच्या घामानं राजवाड्याचे खांब विरघळत होते. एक दर्शनी पडदा तेवढा खुंटीवर होता. त्यावर गजानन. त्याच्यापुढं नांदी झाल्याशिवाय मंडळीनं कधी खेळ केला नव्हता. तो राहिला तर मंडळी पुन्हा उभी राहील. तो गेला तर नारळ कुणापुढं वाढवायचा?

त्यात सकाळपासून मदनसिंग हुडहुडत होता. राजाचं काम करणारा तो दांडगा गडी. पण दातांवर दात आपटत होते आणि अंग तव्यासारखं तापलेलं. शेजारची गोजराबाई काढा घेऊन आली. कपाळाला हात लावून म्हणाली, “याले घाम फुटला पाह्यजे. आमच्या घरी दोघायले फुटला, थे उठले. मामंजीले नाई फुटला.” जरा थांबून तिनं वर पाहिलं. “थे खुटीवरचं काय हाये?”

“देव हाये बाई.”

“मंग त्याले थंडी वाजून राह्यली काय?”

पुंजाजीनं मालकाकडं पाहिलं.

“मले इचारू नोको, पुंजा,” बबनराव भिंतीकडं तोंड करून म्हणाले. “तोच एक राह्यला.”

आजवर पुंजाजीनं किती कीर्तनं ऐकली, किती वेळा उपरण्यानं डोळे पुसत घरी आला. आज बुवा नव्हते, विचारायला कुणीच नव्हतं. पुंजाजी उठला. हात जोडले, घडी खाली घेतली आणि गजाननाचं मुख वर ठेवून मदनसिंगला गळ्यापर्यंत पांघरूण घातलं.

मग वाट पाहणं. दर घटकेला तो पडद्याखाली हात घाली. कोरडं. उन्ह ओसरीवरून उंबऱ्यापर्यंत आलं, तरी कोरडं. ज्या ओलीला जन्मभर भ्यायला, तीच तो आता मागत होता. ओठांत नामाचा गजर चालला होता आणि ताल मध्येच चुकत होता.

तिसऱ्या प्रहरी मदनसिंगची मान ओलसर लागली. पुंजाजीला खरं वाटेना. त्यानं हात धोतराला पुसून पुन्हा लावला. मग घाम धो धो सुटला. पडदा भिजला, पीतांबराचा पिवळा सोंडेच्या शेंदरात उतरला आणि सगळं मदनसिंगच्या छातीवर ओघळलं.

“पुंजादादा, पानी.”

“आनतो ना बाप्पा.”

त्यानं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाणी पाजलं. बबनराव जवळ आले, पडद्याकडं बघत उकिडवे बसले. मग मदनसिंगच्या पायांवरची कड सारखी केली.

पुंजाजीचे हात कोपरापर्यंत शेंदरी झाले होते. तांब्या घेऊन तो बाहेर आला. धर्मशाळेच्या दारात धुतले तर पाणी रस्त्यावर जाणार, लोकांच्या पायाखाली. गोजराबाईच्या अंगणात तुळस होती. तिच्या बुंध्याशी बसून त्यानं एकेक बोट हळूहळू धुतलं, थेंबही बाहेर न सांडता.