केशरी रंगाखालचा नंबर

रॉबर्टाबाईंनी बॉनेट उचललं, दांडा लावला आणि इंजिनाच्या पुढच्या कडेवर बोट टेकवून विचारलं,

"इथे एवढा रंग कोणी फासला?"

"मीच," मर्ल म्हणाला. "गंजत होतं."

साफ खोटं! ही अडुसष्ट सालची शेव्हेल गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्याने त्याला तिथला नंबर दाखवला होता, आणि तो गाडीच्या नंबराशी तंतोतंत जुळत होता. म्हणजे कारखान्यातून बसून आलेलं मूळ दांडगं इंजिन. पण हे चारचौघांत फुटलं की जो तो गाडी मागत दारात उभा राहणार. म्हणून मर्लने नंबरावर केशरी रंगाचे थर चढवले. जुन्या गाड्यांच्या जत्रेत लोक गाडीभोवती जमले की तो म्हणायचा, "नक्कल आहे रे बाबांनो, साधीच गाडी सजवलीय," आणि मनातल्या मनात खुदकन हसायचा.

आज मात्र हसू कुठल्या कुठे पळालं होतं. यंदाच्या जत्रेत एका गिऱ्हाइकाला त्या रंगाचाच संशय आला होता. त्याचं ऐकून मर्लच्या मुलाने, कर्टने, जुन्या गाड्यांच्या पारखी म्हणून रॉबर्टाबाईंना टोलीडोहून बोलावून घेतलं. इंजिन अस्सल निघालं तर गाडी विकून पुन्हा स्वतःचं घर घ्यायचं, हे त्याने ठरवूनच टाकलं होतं. गुडघे गेल्यापासून मर्ल त्याच्याच भाड्याच्या घरात राहत होता. नाही म्हणणार कुठल्या तोंडाने?

बाईंनी थिनरमध्ये चिंधी बुडवली. रंग सुटू लागला तसं मर्लने बाहीने कपाळ पुसलं.

"बाबा, घाम काय फुटलाय तुम्हांला? बसा की."

"उकडतंय जरा."

"ऑक्टोबरात?" कर्ट हसला. तो सकाळपासून लहान पोरासारखा खुशीत होता.

बाईंनी टॉर्च तिरपा धरला, भिंग लावलं आणि बराच वेळ वाकून पाहिलं. मग कंबर सरळ केली.

"नक्कल आहे."

सुटलो! गाडी वाचली. मर्लने श्वास सोडला खरा, पण तेवढ्यात त्याचे कान तापले.

"नीट बघा, बाई."

"नीटच बघितलं."

"नंबर जुळतोय की गाडीशी!"

"जुळणारच. जुळवायलाच ठोकलाय तो. कारखान्यात ही कड तासतात तेव्हा केसासारख्या बारीक रेघा उमटतात. इथे एकही नाही. कोणीतरी जुना नंबर घासून नवा ठोकलाय. हात फिरवून बघा, कशी गुळगुळीत लागतेय."

"तुम्हांला काय डोंबल कळतंय! अस्सल आहे हे. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे!"

बाई खाली मान घालून चिंधीची घडी करू लागल्या.

"पहिल्या दिवसापासून?" कर्टने हळूच विचारलं.

मर्लला तो दिवस आठवला. कर्टचं वर्कशॉप बुडालं, बँक घरावर जप्ती आणायला निघाली, तेव्हा तो मर्लच्या स्वयंपाकघरात टोपी हातात धरून बसला होता. 'बाबा, गाडी विकली तर घर वाचेल का हो?' मर्लने खांदे उडवले होते. 'नक्कल आहे रे पोरा. भंगाराचा भाव येईल.' घर गेलं. कर्टने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. उलट बापाला वाईट वाटू नये म्हणून तोच जपत राहिला.

"पण हे बघ ना, कर्ट," मर्ल चाचरत म्हणाला, "नक्कलच निघाली की नाही? विकली असती तरी घर काही वाचलं नसतं."

"नसतं वाचलं," कर्ट म्हणाला. "पण तुम्हांला कुठे ठाऊक होतं ते?"

त्याने दांडा काढला. लहानपणी मर्लने शिकवलं होतं तसं बॉनेट दोन्ही हातांनी अलगद खाली आणलं, आणि बाईंना सोडायला तो बाहेर गेला.