रुमालातला प्रसाद

सन एकोणीसशे एकसष्ट, एप्रिलची दोन तारीख, रविवार, प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण. मुक्काम भिलाई, कारखान्याच्या नव्या शेडच्या पायाचा खड्डा. वेळ दुपारी एकची.

त्या खड्ड्यातून अंतोन वर आला तो संतापाने काळानिळा होऊन. चाळीस दिवस त्याने उपवासकाळ पाळला होता, शुक्रवारी पापांची कबुली दिली होती, आणि आदल्या संध्याकाळपासून पाण्याखेरीज काही पोटात घातले नव्हते. सकाळच्या मिस्सेला, म्हणजे सणाच्या उपासनेला, जाऊन ख्रिस्तशरीर झालेली पवित्र भाकर घ्यावी, एवढीच त्याची इच्छा होती. बायको बाळंतपणासाठी नागपूरला गेलेली. भिलाईत त्याचे म्हणावे असे कोणी नव्हते. पण पायाची ढलाई एकदा सुरू झाली की मधे थांबवता येत नाही. थांबली तर आधीचे काँक्रीट नंतरच्याशी एकजीव होत नाही. आणि काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा वायब्रेटर अंतोनच्या हाती होता.

त्याचा सोबती रामाजी, भंडाऱ्याकडचा कुणबी, आपली सुट्टी सोडून त्याच्या बदलीला यायला तयार होता. ठेकेदाराच्या सुपरवायझरने शनिवारीच ती बदली उडवून लावली. "तुम्हारा भगवान उठ गया, तो मैं ढलाई बिठा दूँ क्या?" असे म्हणून तो वर हसलाही होता. ते हसणे अंतोनच्या कानात सकाळपासून वायब्रेटरपेक्षा मोठ्याने घरघरत होते.

फाटकाशी रामाजी उभा होता. न्हालेला, धुतलेला सदरा घातलेला. दोन्ही तळव्यांवर घडी केलेला पांढरा रुमाल.

"तुह्या वाट्याचं घेऊन आलो, गड्या. धर."

त्याने घडी उलगडली. आत पांढरी, पातळ, एका कडेने भिजून वाळलेली चकती होती. अंतोनने ती ओळखली: मिस्सेतली पवित्र भाकर.

"हे कुठून आणलं तुनं?"

"तुमच्या देवळातून. तुह्या जागी कामावर मले घेतलं नाही, मंग म्हटलं, देवाच्या दारी तरी तुह्या नावानं उभं राहू. आमच्या गावाकडे खळं सोडून येता येत नसलं तं माणसाचा सोबती जाते देवळात, त्याच्या नावाचा प्रसाद घेऊन येते. रांगेत उभा राहिलो. बाबाजीनं जिभेवरच ठेवलं, म्या लगेच काढून घेतलं. कणभर गिळलं नाही, आईशप्पथ! सकाळचा उपाशीच आहो."

सिमेंटने माखलेला हात केव्हा उठला ते अंतोनला कळले नाही. चपराक अशी बसली की फाटकावरचा पहारेकरी वळून पाहू लागला. रामाजीची मान फिरली. तळवे मात्र हलले नाहीत.

"पेढा आहे काय बे हा? हा आमचा प्रभू आहे! बाप्तिस्मा नाही, विश्वास नाही, अन् तोंडातून काढून रुमालात बांधतेस?"

"मारून घे," रामाजी म्हणाला. "पण धक्का नको देऊ. खाली पडन."

अंतोनने त्याचा दंड धरला आणि त्याला पावर हाउस वस्तीच्या वाटेला लावले. बाजारामागच्या पत्र्याच्या गोदामात मिस्सा होत असे. वाटभर अंतोन एखाद्या वकिलासारखा मुद्द्यावर मुद्दा रचत होता: अपमान कोणाचा, साक्षीदार कोण, शिक्षा कोणती. मधूनच रामाजी म्हणे, "हळू चाल ना, वारा लागून राहिला," आणि अंतोनचा राग आणखी भडके.

वृद्ध फादर एकटेच वेदीवरचे वस्त्र घडी करत होते. त्यांनी सारे ऐकून घेतले, ती पवित्र भाकर पाण्याच्या पेल्यात सोडली आणि पेला झाकून ठेवला.

"विरघळली की पाणी योग्य जागी ओतीन. चूक माझीही आहे. समोर कोण उभा आहे ते मी पाहायला हवं होतं."

"आता याला सांगा, यानं काय केलं ते," अंतोन कडाडला. "अन् मला माझं ख्रिस्तशरीर द्या. मी कालपासून उपाशी आहे."

फादरांचे लक्ष रामाजीच्या गालावर गेले. तिथे राखाडी सिमेंटची पाच बोटे वाळून उमटली होती.

"ही बोटं कोणाची?"

"माझी. प्रभूनंही मंदिरातल्या व्यापाऱ्यांवर आसूड उचलला होता, फादर!"

"ते व्यापारी तिथं कशासाठी बसले होते?"

"विकायला."

"आणि हा कशासाठी आला होता?"

अंतोनने वाटेत रचलेला शेवटचा मुद्दा काढला.

"पण चूक तर झालीच ना याची!" तो ओरडला.

"राहू द्या बाबाजी," रामाजी मधे पडला. "उपाशी माणसाले राग येतेच. द्या त्याले काय द्याचं ते. सण आहे त्याचा."

फादरांनी वेदीवरच्या, पवित्र भाकर ठेवलेल्या पेटीची किल्ली काढली, क्षणभर हातात धरली आणि झग्याच्या खिशात परत टाकली.

"चूक याची झाली, अंतोन. पाप तू केलंस. याची माफी मागेपर्यंत ही पेटी मी उघडणार नाही."