आडवी बाटली

सप्टेंबरात बाबा गाळ्यावर उभे असले की माझा जीव टांगणीला लागतो. नवी वाइन तेव्हा फसफसत असते. झाकण सैलच ठेवायचं, घट्ट केलं की बाटली फुटते. हे मला बाबांनीच शिकवलं. पण वसंतात ते आपल्याच द्राक्षमळ्याची वाट चुकले आणि तेव्हापासून त्यांच्या हातांवरचा माझा भरवसा उडाला.

त्या शनिवारी शेजारची बटाटेवाली वाल्ट्राउड म्हणाली, "इर्मगार्ड, तुमची वाइन यंदा भलतीच गुणी निघाली गं! ती बाबागाडीवाली बाई बाटली गाडीखाली आडवी टाकून गेली, एक थेंब सांडेल तर शपथ!"

सांडली नाही म्हणजे झाकण घट्ट. वर बाळ, खाली बाटली, आणि ऊन हे असं!

"बाबा, झाकण आवळलंत तुम्ही?"

"मी?" ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

"पुढच्या शनिवारपासून घरीच बसा!" मी चारचौघांत त्यांच्यावर ओरडले आणि धावत सुटले.

नवी वाइन घेणारा तिच्यासोबत कांद्याचा खारा केक घेतल्याशिवाय बाजारातून हलत नाही, म्हणून थेट केकच्या गाडीकडे. रांगेत ती नव्हती.

"बाबागाडीवाली? आत्ताच गेली की, कारंज्याकडे," केकवाला म्हणाला.

डोळ्यांपुढे नुसत्या काचा. कारंज्याच्या कठड्यावर बसून ती केक खात होती, बाबागाडी उन्हात. विचारायलाही न थांबता मी गाडीखालून बाटली ओढली, पाठ वळवली आणि झाकण फिरवलं. अर्धी वाइन माझ्या तोंडावर उडाली. बाळ दचकून रडायला लागलं.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"

धापा टाकत मी सगळं सांगितलं. ती पांढरीफटक पडली.

"गाळ्यावरच्या आजोबांनी बजावलं होतं हो, उभीच धरा, झाकणाला हात लावू नका म्हणून. पण ब्लँकेटवर सांडायला लागली, मग मीच घट्ट केलं आणि खाली आडवी टाकली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी गाळ्याकडे परत आले.

बाबांनी एप्रन काढून, घडी घालून पेटीवर ठेवला होता. एकेका बाटलीचं झाकण बोटांनी चाचपत होते.

"बाळ बरं आहे ना?"

"बरं आहे. बाबा, तुम्ही नव्हतं—"

"मीच आवळलं गं," ते म्हणाले. "आठवलं मला आता."