हात कुणाचा सुटला

खळ्‌कन!

थांबा, ते शेवटी. आधी जिना.

जिन्यात माणसाएवढी काच होती आणि तिला धरून दोघे. वर, उलट्या पावलांनी चढणारा काचवाला. खाली, वजन पेलणारा त्याचा मेहुणा आणि भागीदार. सकाळीच काचवाल्याच्या बायकोने दोघांना तंबी दिली होती, "पुन्हा तुमच्या राजकारणापायी काच फुटली, तर दुकान मधोमध चिरून देईन. नवरा बघणार नाही की भाऊ."

म्हणून दोघे गप्प. अर्धा जिना.

"शिवणक्लासची खिडकी फोडतात, मेले!" काचवाल्याला राहवेना. "दगड मारणाऱ्याचे हात तोडले पाहिजेत. तुमचीच माणसं असणार. बियाणंच तसलं."

"पायरी बघा, दाजी. तोंड नंतर चालवा."

वळणावर शिवणाच्या बाई फोन घेऊन उभ्या. "दगड मारणारा सापडला हो! समोरच्यांनी कालच्या मोर्चाचा व्हिडिओ काढलाय."

दगड उगारलेल्या पोराच्या छातीवर पक्षाचा बिल्ला होता. तोच बिल्ला काचवाल्याच्या सदऱ्यावर. मेहुण्याला काचेतून दोन्ही दिसले. तो जागीच थांबला.

"म्हणा की आता. हात तोडले पाहिजेत."

"चल, वर घे."

"आधी म्हणा. मग घेतो."

"कुणी डिवचलं असेल त्याला. उगाच कोण दगड उचलतं?"

"वा! आमचा असला तर हात तोडा, तुमचा निघाला तर बिचाऱ्याला डिवचलं!"

"तुम्हा लोकांना बघून साधूसुद्धा दगड उचलेल!"

"अहो, काच!" बाई ओरडल्या.

एवढंसं वाक्य. मघाशी कसं भाकरी मोडल्यासारखं सहज आलं होतं. तेच पुन्हा म्हटलं की काच वर, दुकान शाबूत. काचवाल्याने तोंड उघडलं. शब्द सुटेना, बोटं मात्र सैल पडली. त्याला कळलं. लख्ख कळलं, की आधी आपलाच हात

खळ्‌कन!

जिनाभर तुकडे. मेहुण्याच्या कोपरातून रक्त.

"कुणी सोडली?" बाई म्हणाल्या.

"यांनी."

"त्याने."

काचवाला तुकडे तुडवत, मेहुण्याला खांद्याने ढकलून खाली निघाला. वरच्या पायरीवर त्याचे कान तापले होते. मधल्या पायरीवर वाटलं, ओढलं तर त्यानेच होतं. खालच्या पायरीवर शंकेला जागाच उरली नव्हती.

रस्त्यावर येऊन त्याने बायकोला फोन लावला.

"चिर दुकान. तुझ्या भावाने मुद्दाम सोडली."

आवाज जराही कापला नाही.