हरणाऱ्याने फोन करायचा

दर रविवारी सकाळी दहा वाजता ती चार माणसं एकमेकांना गोळ्या घालायला बसायची. तीन सख्खी भावंडं आणि एक जावई. ताई थोरली, इस्पितळात रक्त तपासायची. तिचे यजमान म्हणजे दाजी, शाळेत भूगोल शिकवायचे. धाकटा दुसऱ्या शहरात बस चालवायचा. आणि मधला आपला कारागीर, तो तिसऱ्या शहरात. कारागीर दातांचा. डेंटल लॅबमध्ये मेणाची दाढ कोरायचा, मग तिच्यावरून कॅप बनायची. तेवीस वर्षं हेच काम. त्याने कोरलेली दाढ तोंडात बसली की तिसऱ्या दिवशी माणूस विसरायचा की ही आपली नव्हे.

खेळ साधाच होता. कॉम्प्युटरवर एका पडक्या कारखान्याचं आवार, चौघं चार कोपऱ्यांत, जो तो आपल्यापुरता, आणि मेलेला लगेच पुन्हा उठायचा. अर्ध्या तासात ज्याने सगळ्यात कमी माणसं टिपली तो हरला. हरणाऱ्याला शिक्षा एकच, त्याच दुपारी आईला फोन करायचा.

आता कुणी म्हणेल, आईला फोन ही काय शिक्षा झाली? त्याने एकदा करून बघावा. म्हातारी एकटी राहायची, कानाने कमी ऐकायची आणि तोंडाने त्याची भरपाई करायची. गुडघे, वरच्या मजल्यावरून गळणारं पाणी, शेजारणीच्या सुनेने पुन्हा सोडलेली नोकरी, तासाच्या आत सुटका नाही आणि बोलायचं ते ओरडून. कामापुरतं सगळेच बोलत, पण रविवारचं हे पारायण हरणाऱ्याच्या बोकांडी बसायचं. आईला हा नियम माहीत होता आणि तिला त्याची गंमतच वाटायची. फोन उचलला की हॅलो नाही की काही नाही, पहिला प्रश्न हाच, "आज कोण मेलं?" बहुतेक वेळा दाजी मेलेले असत. सासू-जावयाचं त्यामुळे इतकं सूत जमलं होतं की ताई म्हणायची, माझ्यापेक्षा हेच तिच्या पोटचे.

खेळाचा दुसरा नियम वडिलांचा. पत्ते कुटायचे त्या दिवसांतला. लहान आहे म्हणून सोडायचं नाही, आजारी आहे म्हणून सोडायचं नाही. ज्याला सोडलं तो खेळातून गेला. शेवटच्या आजारपणात वडील उशीला टेकून खेळायचे. जायच्या आठ दिवस आधी कारागिराने त्यांना सरळसरळ हरवलं होतं, हातचं काही न राखता, आणि म्हातारा खूश होऊन झोपला होता.

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि गेल्या वर्षी कारागिराचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चमच्यात दिसलं, मग कोरणीत, मग माउसवर. माउस म्हणजे मोठा चहाडखोर. इथे हात केसभर हलला की तिथे पडद्यावरचा नेम वीतभर उडतो. महिनाभर त्याने माउसलाच शिव्या घातल्या, नवा आणला, तोही तसलाच निघाला. नाचता येईना अंगण वाकडं. डॉक्टरांनी मात्र अंगणाला दोष दिला नाही. मज्जातंतूंचा आजार आहे म्हणाले, गोळ्या घेतल्या तर सावकाश वाढेल, पण मागे फिरणार नाही. लॅबच्या मॅडमनी त्याला कोरणीच्या टेबलावरून उठवून मागच्या खोलीत प्लास्टरचे साचे ओतायला बसवलं. त्या एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत, आणि तेच त्याला जास्त लागलं.

लागोपाठ तीन रविवार तो हरला. तीनदा आईला फोन केला आणि तिसऱ्यांदा तिने विचारलं, आवाज असा का रे तुझा? तो म्हणाला, सर्दी. आईला हाताचं कळू द्यायचं नाही हे त्याने पक्कं ठरवलं होतं. याच हाताचं कौतुक ती जन्मभर गल्लीत सांगत आलेली. भावंडांनाही त्याने मनगट मुरगळल्याचंच सांगितलं.

मग त्याच्या बायकोने गेमपॅड आणला. मांडीवर धरायचा, दोन अंगठ्यांनी दोन काठ्या फिरवायच्या, झालं. धाकटा याला खुळखुळा म्हणायचा. हाताला कीबोर्ड-माउस ठाऊक असलेला माणूस गेमपॅडवर नेमबाजी करणार म्हणजे हातमोजे घालून भात कालवणार, हे त्याचंच वाक्य. पण कारागिराला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सापडली. सेटिंगमध्ये एक सोय असते. काठी मधल्या चिमूटभर जागेत कितीही हलो, खेळ ती हालचाल धरतच नाही. त्याने ती जागा वाढवत नेली आणि हाताची थरथर तिच्यात जिरून गेली. पडद्यावरचा नेम गप्प उभा राहिला. सहा महिन्यांनी काहीतरी गप्प उभं राहिलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गेमपॅडवाल्यांना नेम धरायला खेळ स्वतःहून मदतही करतो. ती मात्र त्याने बंद केली. वडिलांचा नियम.

पहिल्या रविवारी तो काठावर वाचला, दाजी हरले. दुसऱ्या रविवारी दुसरा आला. तिसऱ्या रविवारी चक्क पहिला. नंतर पाच महिने तो एकदाही हरला नाही. त्या खुळखुळ्याची थट्टासुद्धा कुणी केली नाही, आणि खरं तर तिथेच त्याला शंका यायला हवी होती, कारण या घरात नवा शर्ट घातला तरी तीन दिवस टर उडायची. पण जिंकणाऱ्याला शंका येत नसते. उलट तो शहाणपण शिकवायला लागला. धाकट्याला म्हणाला, तूही घे गेमपॅड, माउसमध्ये काही राम नाही. धाकटा म्हणाला, हो दादा, घेतो.

आईशी बोलायची पाळी टळली हेही त्याला बरंच वाटत होतं. खोटं बोलायला नको. मधूनमधून त्याची बायको सासूला फोन करायची, तो शेजारच्या खोलीतून ओरडायचा, मी मजेत आहे म्हणावं. मनात म्हणायचा, हात पुरता बरा झाला की आपणच करू, तासभर बोलू.

हो, बरा झाला की. कारण एव्हाना त्याच्या डोक्यात ते भूत शिरलं होतं. इतका बारीक नेम जमतोय म्हणजे हात परततोय. डॉक्टर म्हणाले नाही फिरणार, पण डॉक्टरांनी त्याला रविवारी खेळताना कुठे पाहिलं होतं? दर आठवड्याला जिंकायचं आणि सोमवारी मागच्या खोलीत प्लास्टर कालवायचं, हे त्याला सोसेना. शेवटी एका गुरुवारी तो मॅडमसमोर जाऊन उभा राहिला आणि टेबल परत मागितलं. हात सुधारलाय म्हणाला. कशावरून, ते सांगितलं नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाने कसं सांगायचं? मॅडमनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचं टेबल रिकामं करून दिलं. खालची दाढ, साधी. डोळे मिटून करायचा पूर्वी.

त्याने स्पिरिटचा दिवा लावला. कोरणी तापवली, मेणाचा थेंब उचलला. थेंब साच्यावर पडायच्या आधीच टेबलावर पडला. दुसरा साच्यावर पडला पण बाजूला. तासाभराने समोर जे उभं राहिलं त्याला दाढ म्हणणं म्हणजे दाढेची चेष्टा. त्याने मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरलं, डाव्या हाताने उजवा धरला, गेमपॅडसारखा अंगठा टेकवून पाहिला. कोरणीला कुठे असते ती मधली जागा? कोरणी सगळंच धरते. मॅडम मागून येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी दिवा विझवला आणि म्हणाल्या, चहा घ्या आधी. त्याने चहा घेतला आणि मागच्या खोलीत गेला.

घरी येताना एकच प्रश्न डोक्यात घोळत होता. हा हात असा असेल तर रविवारी ती माणसं कोण टिपतं?

खेळात झालेल्या प्रत्येक डावाचं रेकॉर्डिंग राहतं आणि ते कुणाच्याही डोळ्यांनी बघता येतं. हरलेला माणूस ते बघतो, आपण कुठे चुकलो म्हणून. जिंकलेला कशाला बघेल? पाच महिन्यांत त्याने एकदाही उघडलं नव्हतं. त्या संध्याकाळी चपलाही न काढता तो कॉम्प्युटरपुढे बसला आणि गेल्या रविवारचा डाव धाकट्याच्या डोळ्यांनी लावला.

धाकट्याच्या पडद्यावर तो स्वतः दिसत होता. कारखान्याच्या भिंतीला टेकून, पाठमोरा, आरामात टिपता येईल असा. धाकट्याचा नेम त्याच्या डोक्यावर आला आणि थांबला. एक सेकंद, दोन सेकंद. मग नेम बाजूला सरकला आणि बंदूक शेजारच्या पिंपावर चालली. पिंपाचा आवाज ऐकून पडद्यावरचा कारागीर वळला, त्याच्या चार गोळ्या हवेत गेल्या, पाचवी गेली, आणि सहावी लागेपर्यंत धाकटा जागचा हलला नाही.

त्याने ताईचे डोळे लावले. ताई उघड्यावर येऊन उभी राहायची आणि वाट बघायची. आणखी मागचे डाव लावले. तेच. एके ठिकाणी तर ताई आणि धाकटा दोघं त्याच्या समोर आले, एकमेकांकडे वळले, जणू आज तुझी पाळी की माझी, आणि मग ताई पुढे झाली. एकटे दाजी तेवढे मनापासून गोळ्या झाडत होते, आणि त्यांची एकही कुणाला लागत नव्हती.

बायकोने दारातून पाहिलं आणि ती आत आली नाही. तो रागावला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. शरम वाटत होती, माउसमध्ये राम नाही म्हणून सांगितल्याची, मॅडमसमोर उभं राहिल्याची. आणि एवढं प्रेम अंगावर पडलंय नि त्याचं काय करायचं ते कळत नाही, याचीही.

रविवारी दहा वाजता चौघं बसले. डाव सुरू झाल्याबरोबर कारागीर आवाराच्या मधोमध गेला, बंदूक खाली केली आणि उभा राहिला. धाकटा समोर आला. ताई डावीकडून आली. कुणीच गोळी झाडेना.

"रेकॉर्डिंग बघितलं मी," तो म्हणाला.

दाजींनी घसा खाकरला.

"बाबांना मी शेवटचं हरवलं होतं. तू पत्ते पिसत होतास, आठवतं? मला खेळातून काढू नका रे."

धाकट्याने नेम धरला आणि खाली घेतला. मग म्हणाला, "दादा, नाही जमत."

"जमव."

गोळी लागली. पडदा लाल झाला. पुढचा अर्धा तास त्याला कुणी सोडलं नाही. भिंतीआड गाठलं, जिन्यावर गाठलं, उठला की गाठलं. ताई मध्येच रडत होती हे तिच्या नाक ओढण्यावरून कळत होतं, पण ती नेम चुकवत नव्हती. शेवटी आकडे आले. धाकटा एकतीस, ताई सत्तावीस, दाजी पाच, कारागीर दोन. दोन्ही वेळा दाजीच मेले होते, पण ते दोन त्याचे स्वतःचे होते.

दुपारी जेवण झाल्यावर तो फोन घेऊन खुर्चीत बसला. नंबर लावायला डाव्या हाताचा अंगठा वापरला. काय सांगायचं ते घोकून ठेवलं होतं. हात जरा अधू झालाय, गोळ्या चालू आहेत, काळजीचं काही नाही. पलीकडे बराच वेळ घंटा वाजली. मग उचलल्याची खडखड झाली.

"आज कोण मेलं?" आईने विचारलं.

"मी."

"कोण?"

"मी, आई," तो ओरडला. "मी हरलो आज."

मग ती बोलली, आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच हळू बोलली.

"कुणी मारलं तुला?"

"धाकट्याने. ताईनेही."

"मी बजावलं होतं त्यांना," म्हातारी म्हणाली. "तुझ्या बायकोने सांगितलं मला सगळं, तेव्हाच. मीच म्हटलं दोघांना, त्याला हरवायचं नाही."

"अगं, पण मग माझा फोन…"

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "पाच महिने झाले. हात कसा आहे?"

घोकलेलं सगळं तो विसरला. डाव्या हाताने फोन धरून उजवा त्याने मांडीवर ठेवला होता, तो तिथे हलत होता.

"हलतो गं," तो म्हणाला.

"काय?"

त्याला पुन्हा ओरडून सांगावं लागलं.